वांग्याची गरमी मोजली त्याची गोष्ट

आमच्या वहिनीच्या स्वयंपाकघरात अन्नाच्या तीन जाती होत्या: गरम, थंड आणि बादी, म्हणजे वातूळ. वांगं गरम, काकडी थंड, वालाच्या शेंगा बादी. मी यवतमाळला शाळेत विज्ञान शिकवायचो. माझ्याकडे प्रथिनं, कर्बोदकं, स्निग्ध पदार्थ. सुट्टीत मुकुटबनजवळच्या गावी गेलो की वहिनीशी यावरून वाद घालायचा, हा माझा ठरलेला रिकामा उद्योग.

दर हिवाळ्यात आमच्या शेतात रोडग्यांची पंगत असे. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वरण, वांग्याची भाजी. वाढायला वहिनी, पण तिचं वाढणं सरसकट नव्हतं. एकेका पानापाशी थांबून ती विचारायची, झोप लागते का, पोट साफ आहे का, आणि मग पळी भरून द्यायची की अर्धी ते ठरवायची. पंगत लांबायची, पण कोणी कुरकुरत नसे. अख्ख्या गोतावळ्याची पोटं तिला पाठ होती.

त्या वर्षी माझ्यापाशी येऊन ती म्हणाली, "भाऊजी, वांगं थोडंच घ्या. गरम पडते तुमाले."

मी याच वाक्याची वाट पाहत होतो. खिशातून शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर काढला, पानावर निवलेल्या वांग्यात खुपसला, मग वरणात. पारा दोन्हीकडे एकाच रेषेवर.

"आता सांगा वहिनी, यातलं गरम कोनतं?"

पंगत खदखदून हसली. वहिनीही हसली. बरोबर हाय तुमचं, म्हणाली, आणि पुढच्या पानापासून सगळ्यांना सारखं वाढत गेली. कोणालाही काही न विचारता. मी त्याला विजय समजलो आणि वांगं तीनदा मागून घेतलं. संध्याकाळी छातीत जाळ झाला, तो मुकाट्यानं गिळला.

खाल्ल्यावर अंगात काय होतं, ते तिच्या लेखी 'गरम'. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. अडाणीपणानं केलं असतं तर एवढं टोचलं नसतं.

यंदा पित्तानं बेजार होऊन यवतमाळला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. वाटलं, तक्ता देतील. तो दिला, पण आधी विचारलं: काय खाल्ल्यावर त्रास होतो? कधी होतो? झोप कशी लागते? शास्त्र माझं आणि प्रश्न वहिनीचे. मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. माझ्या पोटावर लक्ष ठेवण्याचं काम मी कधी केलंच नव्हतं. ते परस्पर होत होतं.

तडक गावी गेलो. वहिनी आता थकली आहे. म्हटलं, "वहिनी, मले काय सोसते अन् काय नाही, सांगा न."

ती माझ्याकडे पाहत राहिली. राग नव्हता, खरंच आठवून पाहत होती.

"पयले ध्यानात राहे, भाऊजी. मंग विचारनंच सोडलं, त आता कोनाचंच ध्यानात नाही राह्यलं."

मग तिनं ताट वाढलं. घरात होतं ते सगळं वाढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि आत निघून गेली.