घेतलं ना माझं?

मंडळी, आज खोडाळ्याजवळच्या एका केंद्रावर मतदानाची ड्युटी केली.

एक आजी मत द्यायला पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. बराच वेळ मशीनचा बीप वाजेना.

"आजी, बटण दाबलं का?" मी लांबूनच विचारलं.

"अंगठा लावलाय कवाचा. घेतच नाय. रेशनचं मशीन पण घेत नाय माझा."

मजुरीनं तिच्या बोटांवरच्या रेषाच पुसल्यात. "इथं अंगठा लागत नाही. हव्या त्या चिन्हासमोरचं निळं बटण दाबा," म्हटलं.

बीप वाजला. बाहेर येऊन तिनं हळूच विचारलं, "घेतलं ना माझं?"

"घेतलं," मी म्हणाले.

घरी येऊन फोन उघडला, तर मशीनवर भरवसा ठेवायचा की नाही, यावर सगळे भांडताहेत. मी तर तिला नुसत्या बीपच्या भरवशावर हो म्हणून आले.

तुम्ही काय म्हणाला असता?