वरून हिरवं

लिंदाउरा फेइतोझा ब्राझीलमधल्या आमच्या आक्रेच्या रानातच जन्मली, बापाबरोबर रबराचा चीक गोळा करत वाढली. साल नुसती चाचपून झाडाचं नाव सांगायची. म्हणूनच रानात साठलेला कार्बन मोजून त्याचे क्रेडिट विकणाऱ्या कंपनीने तिला घेतलं. रान किती उरलं ते उपग्रहाच्या चित्रात दिसतं. पण खोडांत कार्बन किती साठलाय हे ठरवायला कुणालातरी फीत घेऊन प्रत्येक खोडाला मिठी मारावी लागते. ते काम तिचं. फितीचं दुसरं टोक नऊ वर्षं मी धरलं.

एका जूनमध्ये चौदा नंबरच्या तुकड्यात शिरलो, तर थोरली झाडं गायब. निवडून निवडून कापलेली, मधलं रान तसंच उभं. लिंदाउराने ताजे बुंधे मोजले. एकतीस. फॉर्मवर तसं लिहिलं.

कचेरीत आमच्या साहेबाने, एव्हांद्रोने, पडद्यावर चित्र उघडलं.

"लिंदाउराबाई, बघा. सगळं हिरवंगार. कुठली झाडं गेली?"

"वरून पानं दिसतात रे बाबा, बुंधे नाही. चल, दाखवते."

"म्हणजे उपग्रह खोटा आणि तुम्ही खऱ्या?"

"तो कशाला खोटं बोलेल? त्याला दिसत नाही. तुला बघायचं नाही."

आकडा जुनाच राहिला.

ऑगस्टमध्ये तिने घरामागे साबुकंद लावायला अर्धा हेक्टर झुडुपं तोडली. आम्ही सगळेच तोडतो, तशी परवानगी आहे. पंधरवड्यात चित्रावर लाल ठिपका उमटला. एव्हांद्रो जीप घेऊन हजर.

"जंगल तोडणाऱ्याला मोजणीवर कसं ठेवणार?"

"हा ठिपका बरा दिसला तुला!"

तिने फीत गुंडाळून त्याच्या हातात दिली. दारी आलेल्या कुणालाही कॉफीशिवाय न सोडणारी बाई, त्याला बस म्हणाली नाही.

पुढच्या वर्षी पाऊस लांबला आणि चौदा नंबर पेटला. मोठ्या झाडांची सावली गेल्यामुळे खालचा पाचोळा वाळून कडकडीत झाला होता. अकरा दिवस जळत होतं. अहवालात कारण लिहिलं: वस्तीतल्यांनी शेतीसाठी लावलेली आग. मोजणीदार म्हणून खाली सही माझी.

मीच जाऊन तिला सांगितलं. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"घरात खाणारी तोंडं आहेत तुझ्या. कळतं मला," ती म्हणाली. "पण आता इकडे येत जाऊ नकोस."

मी गेलो नाही. मोजणीला मात्र जातो.