राखणदाराच्या पानावरच्या शेंगा

सोमवारी सकाळी ग्रीनहाऊसमध्ये शिरले आणि बघते तर काय... शेंगांचा ट्रे रिकामा!

आमची लॅब मालवणजवळच्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर आहे, समोर समुद्र आणि मागे एक जुना वड. तिथे मी भुईमुगावर टिश्यू कल्चरचं काम करते. म्हणजे दाण्याचे तुकडे एका बॅक्टेरियाच्या द्रावणात बुडवायचे, तो त्यात नवा जीन सोडतो, आणि मग बाटलीतल्या जेलीवर त्या तुकड्यांना कोंब फुटायची वाट बघत बसायचं. आमचा जीन टिक्का रोगाच्या बुरशीला अडवणारा.

सांगायला सोपं आहे हो... ढीगभर तुकडे काळे पडून मेले. जो एक कोंब जगला त्याला मुळं फुटेनात, म्हणून साध्या रोपावर त्याचं कलम केलं. अशी काही वर्षं गेल्यावर त्या एकुलत्या एका झाडाला शेंगा धरल्या. शनिवारी त्या काढल्या, प्रत्येकीला लाल दोरा बांधला आणि सुकायला ठेवल्या.

असलं बियाणं कुंपणाबाहेर जाता कामा नये, हा आमचा पहिला नियम. लॅबच्या प्रमुख सरांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "एक जरी शेंग कमी भरली तर उरलेलं सगळं जाळायचं. प्रोजेक्ट बंद."

तेवढ्यात ग्रीनहाऊसला पाणी घालणाऱ्या सुमतीमावशी आल्या. विचारलं तर अगदी सहज म्हणाल्या, "मियाच न्हेलंय गो. काल तिन्हीसांजेक राखणदाराक ठेवलंय, वडाखाली. पयली शेंग तेची नाय?"

"अहो मावशी, बाहेर काही न्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना!"

"तो भायलो कसो गो बाय? भायली तर आमी."

नवं पीक आलं की पहिला मान जागा राखणाऱ्या देवाचा, राखणदाराचा, हे मीही लहानपणापासून बघत आलेय. पण लॅबमधल्या शेंगांनाही तो नियम लागू होईल, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

वडाकडे धावले ती रडतच. शेंगा रात्रभर उघड्यावर... तिथे उंदीर, घुशी, कोल्हे, उजाडलं की कावळे. मावशींनी ठेवलेलं नैवेद्याचं पान सकाळी चाटूनपुसून साफ झालेलं मी कितीदा तरी बघितलंय.

वडाखाली वारा अजिबात नव्हता. एरवी तिथे समुद्राची गाज सतत कानावर येते, पण त्या सकाळी तीही ऐकू येईना.

पानावरचा भात संपला होता. नारळाची वाटी कुणीतरी कोरून खाल्ली होती. मावशींनी सोबत घरच्या शेंगाही ठेवल्या होत्या, त्यांची नुसती टरफलं पडली होती. आणि पानाच्या मधोमध आमच्या लाल दोऱ्याच्या शेंगा... सगळ्याच्या सगळ्या! एकीलाही दात लागला नव्हता. भाताच्या शितांना लागलेल्या मुंग्यासुद्धा त्यांना वळसा घालून चालल्या होत्या.

मोजल्या. पुन्हा मोजल्या. खरं तर मी आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या, सगळी मेहनत वाचली होती. पण उचलायला हातच पुढे होईना... मला भीती वाटत होती. जीन घातलाय तो बुरशीसाठी. उंदराला त्याचं काय? मुंगीला काय?

मागोमाग आलेल्या मावशींनी वडाला हात जोडले. "घे गो बाय. तुझा तुका परत दिल्यान." मग शेंगांकडे न बघताच हळू आवाजात म्हणाल्या, "तेना हातसुदीक लावल्यान नाय."

सर म्हणतात, दोऱ्याच्या रंगाला वास असेल. असेलही. शेंगा आता कुलपात आहेत, प्रोजेक्ट चालू आहे. यानंतर त्या प्रयोगासाठी पाळलेल्या उंदरांना खाऊ घालून तपासायच्या, असं आधीपासूनच ठरलेलं आहे. पूर्वी मला ती नुसती एक टेस्ट वाटायची.

त्या दिवसापासून येता-जाता वडाला हात जोडते. शेंगा राखल्या म्हणून आभार मानते, अगदी मनापासून... फक्त त्याने त्या माझ्यासाठी राखल्या, की त्यांच्यापासून बाकीच्यांना राखलं, हे मला अजून कळलेलं नाही.