मंगळवारी सकाळी सहाला पाणी

चहा घ्या, पण हसणार नाही असं आधी कबूल करा. तीस वर्षं मी या शहरात लोकांच्या चुका छापल्या. आज स्वतःची सांगतो. ती कुठं छापून आली नाही, एवढंच माझं नशीब.

सुरुवात डॉक्टरपासून झाली. "रक्तदाब वाढलाय. घरात काही शिस्त आहे का?" असं त्यानं विचारलं. मला. ज्यानं अख्ख्या शहराला शिस्त लावायचा ठेका घेतलाय, त्याला.

आता तुमच्यापाशी कशाला लपवू, शिस्त नव्हतीच. बायको शाळेत शिकवते, मुलगी कॉलेजात, मी बातमीच्या मागं. सकाळी तिघंही एका बाथरूमच्या दारात भांडायचो, आणि दुपारी मी क्रांती चौकात उभ्या उभ्या कचोरी खायचो. तेच माझं जेवण.

मग बसलो आणि अग्रलेखाच्या आवेशात घराचं वेळापत्रक लिहिलं. मंगळवार आणि शनिवार. सकाळी सहा, पाणी भरणे. साडेसहा, मुलीची अंघोळ, दहा मिनिटांत. सात, प्राणायाम. दुपारी बारा, बाबांना काकडी, कचोरी नाही. बाकीचे वारही असेच कडक.

बायकोनं कागद वाचला. "अहो, मंगळवारी सहाला पाणी येतंय हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

आमच्या उस्मानपुऱ्यात नळ काही दिवसांआड येतो, आणि त्याच्या मर्जीनं येतो. पण मी ऐकतो होय?

"घराला शिस्त लागली की सगळं वेळेवर होतं," मी म्हणालो.

"अन् नळाला कोण सांगणार?"

"तुला नुसती खुसपटं काढायला पाहिजेत."

ते सगळं फोनवर टाइप करून मी घरच्या ग्रुपवर टाकलं. दोन दिवस झाले, कुणाचं उत्तर नाही, साधा अंगठाही नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. पण माझ्या घरात मीच विचारू? मी फुगून बसलो.

मंगळवार उजाडला. सहाला नळ उघडला, त्यानं नुसता वारा सोडला. बाहेर आलो तर सगळी गल्ली हातात पाइप घेऊन उभी. समोरचे सलीमभाई टेलर तर रडायच्या बेतात. त्याच दिवशी त्यांच्या मुलीची मंगनी होती.

"साहब, पानी किदर है?"

"मला काय विचारता?"

"आज छे बजे आनेवाला था ना. कल टाकी पूरी खाली करके धोए. आंगन धोए, गोधड्या धोए. ग्यारा बजे लडकेवाले आ रै, और घर में पिलाने को पानी नै."

त्यांनी फोन पुढं केला. 'पाण्याचे नवे वेळापत्रक. मंगळवार व शनिवार, सकाळी सहा. खात्रीलायक सूत्रांकडून.'

"हे पाठवलं कुणी?"

"हर्सूल से साडू भेजा. उसको और कोई."

माझं डोकं फिरलं. आणि गंमत बघा, वार तेच, वेळ तीच, तरी माझ्या मनात काय यावं? की आपला अंदाज किती बरोबर होता.

"सलीमभाई, पाणी घेऊनच येतो," म्हणालो आणि पाण्याचं ऑफिस उघडायच्या आधी तिथं जाऊन उभा राहिलो.

इंजिनिअर तरुण पोरगा. मी आजवर त्याला फार छळलाय. 'आपलं पाणी' नावाचा शहरभरच्या लोकांचा ग्रुपच त्यासाठी काढला आणि त्याला त्यात मुद्दाम घेतला.

मी टेबलावर हात आपटला. "एका मुलीची मंगनी आहे, अन् घरात प्यायला पाणी नाही. ही अफवा उद्या पहिल्या पानावर येणार. ज्यानं पसरवली त्याचं नाव पाहिजे मला."

"नाव छापणार?"

"फोटोसकट."

त्यानं शांतपणे फोन काढला आणि शिपायाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागला. "सकाळी सहा, पाणी भरणे. साडेसहा, मुलीची अंघोळ, दहा मिनिटांत." मग मान वर केली. "सर, बारा वाजता काकडी खाणारे हे बाबा कोण?"

वर माझं नाव होतं. माझ्या फोनमध्ये घरच्या ग्रुपचं नाव 'आपलं घर'. 'आपलं पाणी' त्याच्या बरोबर खाली. बोट एक ओळ घसरलं होतं. पुढं कुणीतरी माझी अंघोळ-काकडी कापून नुसतं पाणी पाठवत गेलं.

तीस वर्षं मी खात्रीलायक सूत्रांच्या हवाल्यानं बातम्या दिल्या. त्या सूत्राला समोरासमोर पहिल्यांदाच भेटत होतो.

"मग, पहिल्या पानावर ना?" त्यानं विचारलं.

"एक टँकर मिळेल का हो?" मी विचारलं. एवढा मऊ आवाज मी लग्नातसुद्धा काढला नव्हता.

पोरगा दिलदार. पाहुण्यांच्या जरा आधी टँकर सलीमभाईंच्या दारात आला, ड्रायव्हरशेजारी तोच शिपाई. मंगनी छान झाली. सलीमभाईंनी मला पुढच्या खुर्चीत बसवलं, लडकेवाल्यांना ओळख करून दिली, अफवेबद्दल चकार शब्द काढला नाही. यांना पत्ता नाही, म्हणून मी निवांत झालो.

मग ताटल्या आल्या. सगळ्यांना गरम कचोरी. माझ्या ताटलीत काकडीच्या फोडी, वर मीठ.

"सलीमभाई, कचोरी संपली का?"

"नै साहब, बहोत है." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "पर बारा बज गए ना."