भैरवीच्या अलीकडे

हबीब सर आपल्या कादंबरीतल्या माणसाची ओळख करून देताना त्याचं वय, गाव, धंदा यांतलं काही सांगत नसत. ते त्याचा गाण्यातला राग सांगत. नांदेडच्या कॉलेजात मी मराठी शिकवायला रुजू झालो, तेव्हा ते आमच्या विभागातले ज्येष्ठ होते आणि कादंबरीकार म्हणून त्यांचं नाव झालेलं होतं. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये बशीत चहा ओतत ते मला म्हणाले, "एक बाई आलीय. मारवा हाय. षड्जावर टेकतच न्हाई. कुठं ठेवावी कळंना." मला वाटलं, घरी कोणी पाहुणी येऊन राहिली आहे. मी सहानुभूतीनं विचारलं, "माहेरी पाठवता येणार नाही का?" सर इतके हसले की बशीतला चहा हजेरीपटावर सांडला. तेव्हापासून मी त्यांच्या घरचा झालो.

सरांचा स्वतःचा गळा मात्र भयंकर होता. बिलोलीला लहानपणी त्यांना एका पेटीमास्तरांकडे शिकायला घातलं होतं. महिन्याभरात मास्तर घरी आले आणि त्यांनी सरांच्या वडिलांपुढे हात जोडले. "सूर माझ्याकडं येतो, पण मुक्कामाला राहत न्हाई," असं सर हसत सांगत. गाता आलं असतं तर आपण एक ओळही लिहिली नसती, हे मात्र ते न हसता म्हणत. यावर भाभींचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, उत्तर ठरलेलं असे. "लिहा. गाऊ नका. शेजारी चांगले हायत आपले."

लिहिण्याची त्यांची एक रीत होती. एका प्रकरणाला एक राग. ते प्रकरण हातावेगळं होईपर्यंत घरात दुसरं काही वाजायचं नाही. आधी कॅसेटी होत्या, पुढे मोबाईल आला, पण रीत बदलली नाही. मारवा संध्याकाळचा राग; त्या मारव्याच्या बाईनं तर सगळ्यांचा अंत पाहिला. भाभी मला म्हणाल्या, "काय सांगू भाऊ, या घरातली संध्याकाळ संपूनच न्हाई राहिली." सरांनी आतून ऐकलं आणि ते वाक्य तसंच्या तसं कादंबरीत घातलं.

भैरवी फक्त शेवटच्या प्रकरणाची. मैफलीत भैरवी झाली की त्यानंतर कोणी गात नाही. सरांनी तोच नियम कादंबरीला लावला होता. भैरवी वाजायला लागली की भाभी बिर्याणीचे तांदूळ भिजत घालत आणि मला जेवणाचा निरोप येई. पण सर स्वतः दोन घास खाऊन गप्प बसत. कादंबरी संपली की त्यांना ताप भरायचा, आठवडाभर अंथरुणातून उठता यायचं नाही. पाचव्या कादंबरीनंतर तर दवाखान्यातच ठेवावं लागलं. तिथं ते भाभींना म्हणाले, "आता माझ्यात काही उरलं न्हाई बघ." मी ते ऐकून सोडून दिलं. भाभींनी ते धरून ठेवलं.

पुढे मी लातूरच्या कॉलेजात गेलो आणि सर निवृत्त झाले. सहावी कादंबरी अगदी शेवटच्या प्रकरणापर्यंत आली असताना त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द शिल्लक राहिला, "हाव", म्हणजे हो. चहा हवा असला तरी हाव, नको असला तरी हाव. मी दर रविवारी एसटीनं नांदेडला जाऊ लागलो. लातुरात वाचेचे उपचार करणाऱ्या एक बाई आहेत. त्या म्हणाल्या, "बोलता येत नसलं तरी कधी कधी गाताना शब्द येतात. गाऊन घ्या."

म्हणून मी मोबाईलवर भूप लावला. तो त्या सहाव्या कादंबरीतल्या टांगेवाल्याचा राग होता. "पाचच सूर हायत त्याच्याकडं, पण सगळे स्वतःचे," असं सर त्याचं कौतुक करत. थोडा वेळ ते ऐकत राहिले आणि मग त्या भयंकर गळ्यानं, वेडंवाकडं, गायला लागले, "घोडा... पानी... पीत न्हाई..." भाभी हातातलं काम टाकून दारात आल्या. मला त्या वेळी आनंद व्हायला हवा होता. मी फक्त कागद शोधत होतो.

मग दर रविवारी सर गात आणि मी लिहून घेई. टांगेवाल्याच्या प्रकरणात जे राहून गेलं होतं, ते त्यांनी असं गाऊन भरून काढलं. एक दिवस भूप चालू असतानाच ते वेगळंच काही गुणगुणायला लागले. ती भैरवी होती. शेवटचं प्रकरण त्यांच्या डोक्यात तयार होतं. मी मोबाईलवर भैरवी लावली, तेवढ्यात भाभी आतून आल्या आणि त्यांनी ती बंद केली. "ती नक्को. भूपच असू द्या, भाऊ." सरांनी डाव्या हातानं गादीवर थाप मारली. भाभींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन त्यांना समजवायला लागलो. त्या लसूण सोलत होत्या. "पुस्तक बाकी हाय म्हणून माणूस बाकी हाय," त्या म्हणाल्या. "मी पाच वेळा बघितलं हाय, संपलं की काय होतं ते. तवा अंगात ताकद होती."

"पण त्यांना ते संपवायचं आहे, भाभी."

"त्यांना जायचं हाय. मला ऱ्हायचं हाय ना इथं."

बाहेर येऊन मी भूप लावला.

पुढचे कित्येक रविवार टांगेवाल्याचं तेच प्रकरण पुन्हा पुन्हा चाललं. सर गाता गाता मुद्दाम भैरवीच्या कोमल सुरांवर घसरत आणि भाभी मोबाईलचा आवाज वाढवत. मग सरांनी गाणंच सोडलं. भूप लावला, मारवा लावला, ते भिंतीकडे बघत पडून राहिले. "हाव"सुद्धा म्हणेनात. भाभी भरवत तेवढं खात, औषध घेत, त्रास कसला देत नसत.

एका रविवारी मी गल्लीत शिरलो तर भैरवी ऐकू आली. आत भाभी खाटेजवळ जमिनीवर बसल्या होत्या, मोबाईल सरांच्या कानाशी धरून. ओट्यावर तांदूळ भिजत घातलेले होते. "म्हणा की आता," त्या म्हणत होत्या. "मी काही बोलत न्हाई. लिव्हायला भाऊ बी आलेत. म्हणा." सरांनी मान वळवून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. ओठ हलले नाहीत. मी कागद घेऊन बसलो होतो, तो तसाच घडी करून खिशात ठेवला.

त्याच आठवड्यात सर गेले. फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. मी तास पूर्ण केला, मग निघालो. कबरीवर माती दिली, परत आलो, जेवलो, झोपलो. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही, आणि मी त्याची वाट बघणं सोडून दिलं आहे.

कादंबरी शेवटच्या प्रकरणाशिवायच छापली. प्रकाशन लातूरला झालं. सगळ्यांची भाषणं झाल्यावर एका वाचकानं उठून भाभींना विचारलं की, सरांनी शेवट काय केला असता? भाभी माईकजवळ गेल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी नीट केला.

"त्यांना लई गाऊन सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "मीच गाऊ दिलं न्हाई."

सभागृहाला ते फार हृद्य वाटलं असावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.