दिंद्रुड ते बीड: एका पांढऱ्या शर्टाची खरेदी

माझ्या लेकानं, दत्तानं, मला बीडला पाठवलं ते राखणीला. शेळ्यांची राखण मी केली, ज्वारीची केली, पण कपड्याच्या दुकानात नातीची राखण करायची ही पहिलीच खेप.

दत्ताची थोरली सारिका. तिला छत्रपती संभाजीनगरला एका दवाखान्यात नोकरी लागली होती. दारातल्या टेबलाशी बसायचं, आल्यागेल्याला कुठं जायचं ते सांगायचं. सोमवारी हजर व्हायचं होतं. दत्ता हो म्हणाला, पण दारंखिडक्या लावून हो म्हणाला. "पंजाबी ड्रेस घालायचा, ओढणीला पिन लावून. पँट-शर्टातला एक फोटो जरी गावात फिरला, तर त्याच दिवशी माघारी आणीन."

आमचा दत्ता गावच्या राजकारणात असतो. त्याचा स्वतःचा शर्ट पांढरा, इतका कडक की माणूस आधी येतो की शर्ट ते कळत नाही. त्या शर्टाला तो बायकोलाही हात लावू देत नाही, इस्त्री स्वतः करतो. म्हणजे शर्टाचं वाकडं नाही त्याला. शर्टाच्या आत कोण आहे त्याचं वाकडं आहे.

शनिवारी सकाळी आम्ही दिंद्रुडच्या फाट्यावरून गाडी धरली. तुम्हाला जायचं असेल तर सकाळचीच धरा, दुपारी बीडच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. बायांना अर्धं तिकीट आहे आणि माझ्यासारख्या पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट, पण आधार कार्ड जवळ पाहिजे. कंडक्टर कार्डाकडं बघतो, मग आपल्याकडं बघतो, मग पुन्हा कार्डाकडं. मी त्याला म्हटलं, "फोटोतली म्हातारी बरी दिसती ना? तिलाच बसव."

सारिका हसली नाही. एरवी माझ्या फालतू गोष्टीलाही खिदळणारी पोरगी तेलगाव गेलं तरी ओढणीचं टोक चावत बसली होती. वडवणीला गाडी थांबली. मी चहा घेतला, आलं टाकलेला, झकास. तिनं घेतला नाही. मग तिनं मोबाइल काढून मला वाचून दाखवला. दवाखान्याचा निरोप होता: पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, काळी पँट, पहिल्या दिवसापासून.

"आन् न्हाई घातलं तर?"

"तर दुसरी पोरगी घेतील, आजे. यादीत हायेत."

"बापाला सांगितलं?"

"न्हाई."

"मग मला आत्ता कावून सांगायलीस? घरी सांगितलं असतं तर मी आलेच नसते."

"म्हणूनच."

इकडं लेकाचा शब्द, तिकडं नातीची नोकरी, आणि मधे मी, फुकट तिकिटाची.

बीडला स्टँडपासून सुभाष रोडला रिक्षा मिळते, चालत गेलं तरी फार नाही. दुकानं बघत चला, मन रमतं. माझं त्या दिवशी रमत नव्हतं, पण डोळे कुठं ऐकतात? एका दुकानाबाहेर पुतळ्याला पँट घातलेली, दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. माझ्या आयुष्यात कपडा फाटला तो बुडाखाली आणि काखेत, कारण काम तिथं होतं. गुडघ्यावर फाटायला एवढी कसली पूजा करतात ह्या पोरी? दुसऱ्या ठिकाणी फिक्के रंग, फिक्का हिरवा, फिक्का गुलाबी. चार वर्षं धुतल्यावर माझ्या लुगड्याचा होतो तो रंग, इथं नवाकोरा म्हणून विकायला ठेवलाय. पण खिसा असलेले कुर्ते आलेत, ते मला लई आवडले. बाईच्या कपड्याला खिसा द्यायला ह्या लोकांना एवढा उशीर कावून लागला देव जाणे.

नोकरीला निघालेल्या पोरीला काय घ्यावं, ते माझ्याकडून ऐका. दोन सुती कुर्ते, गडद रंगाचे, म्हणजे डाग दिसत नाहीत. एक काळी लेगिंग, पण ताणून बघा. ताणल्यावर आपला हात दिसला तर ठेवून द्या. आतले कपडे चांगले घ्या, त्यात काटकसर नको, ते दिवसभर अंगाला असतात आणि लोकांना दिसत नाहीत म्हणून आपण तिथंच चिंगूसपणा करतो. आणि एक ओढणी जाड, बसमध्ये पांघरायला येते.

एवढं घेऊन झालं. मोरपंखी पंजाबी ड्रेसही घेतला, दत्ताला दाखवायला. मग सारिका बायकांच्या शर्टांसमोर जाऊन उभी राहिली. माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. ती एक शर्ट आणि काळी पँट घेऊन पडद्याआड गेली.

बाहेर आली तेव्हा पोरीचं तोंड पडलेलं. शर्ट अंगाला चिकटलेला, छातीवरच्या दोन गुंड्यांच्या मधे फट पडत होती. तिनं हात वर केला की कंबर उघडी. ती एका हातानं फट झाकत होती नि दुसऱ्यानं कंबर. दवाखान्यात वाट दाखवायला तिसरा हात कुठून आणणार?

"दुसरा साइज न्हाई का?" मी दुकानातल्या पोरीला विचारलं.

"लेडीजमध्ये असंच फिटिंग येतं, आज्जी."

तेवढ्यात माझ्या पिशवीतला मोबाइल वाजला. दत्ता. तोंड दाखवायचा फोन. सारिका शर्ट आणि काळ्या पँटीत, चपळाईनं पडद्याआड. मी फोन हातात धरला, सारखा माझ्या कपाळाकडं.

"माय, काय घेतलं, दाखव."

मी मोरपंखी ड्रेस त्याच्यापुढं नाचवला.

"चांगलाय. सारिका कुठंय?"

"आत हाय. कपडे बदलायलीय."

"कोणते?"

मी ड्रेसची घडी घालायला लागले. फोनमध्ये त्याचं तोंड एवढंसं दिसत होतं, पण भुवई मी ओळखते, ती मीच जन्माला घातली आहे.

"माय, मी फाट्यावर येतोय घ्यायला," तो म्हणाला. "पिशव्या बघीन."

फोन बंद झाला. पडद्याआडून हुंदका आला. "राहू दे, आजे. मी न्हाई जात नोकरीला."

खरं सांगते, तोवर मी कुणाच्याच बाजूची नव्हते. पण 'न्हाई जात' हे तिनं ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मला झोंबला. मी उठले आणि पुरुषांच्या कपड्यांकडं गेले. पांढरा, सुती, जाड, पूर्ण बाह्यांचा शर्ट काढायला लावला. तिला घालायला लावला आणि म्हटलं, "आता वाक. हात खाली घाल. आता मोळी उचलून डोक्यावर ठेव."

"आजे, दवाखान्यात मोळ्या नसतात."

"वाक म्हटलं ना."

वाकली, उठली, हात वर गेले. फट नाही, कंबर झाकलेली. बाह्या बोटांवर येत होत्या. मला तशाच हव्या होत्या, उसाची पानं हाताला लागू नयेत म्हणून. सारिका म्हणाली, तिथं ऊस नाही, संगणक आहे. मग दुकानातल्या शिंप्यानं बाह्या आखूड करून दिल्या.

दुकानातली पोरगी म्हणाली, "आज्जी, भारी चॉइस. सध्या हेच चालू हाय, मुली पुरुषांचे मोठे शर्ट घालतात."

सध्या! आमच्या टोळीतल्या सगळ्या बाया घालायच्या. दत्ताच्या वडलांसंगं मी ऊसतोडीला जायचे तेव्हा त्यांचा जुना शर्ट लुगड्यावर चढवायचे, गळ्यापर्यंत गुंड्या लावून. नाहीतर उसाचं पान हात चिरतं आणि कुसं अंगात शिरतात. तेव्हा त्याला कुणी फॅशन म्हटलं नाही, आणि कुणी नावंही ठेवली नाहीत.

परतीच्या गाडीत सारिका पिशवी छातीशी धरून बसली होती. "पँट सीताफळांच्या खाली ठेवू का?" म्हणाली. सीताफळं आम्ही स्टँडबाहेर घेतली होती, सीताफळांच्या दिवसांत गेलात तर नक्की घ्या, पण डोळे उघडलेलीच निवडा. मी म्हटलं, "लपवून नेलीस तर तिथं बी लपतच घालशील."

बाहेर कारखान्याकडं निघालेले ट्रॅक्टर दिसत होते. दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, बाजली, कोंबड्या, माणसं. एका ट्रॉलीत एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसलेली, साडीवर पुरुषाचा चौकड्याचा शर्ट. गाडी तिच्या बाजूनं गेली. मी सारिकाला म्हटलं, "तो शर्ट दे इकडं."

"कावून?"

"दे."

मी तो लुगड्यावर चढवला आणि गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या. हात विसरले नव्हते.

फाट्यावर दत्ता उभा होता, संगं त्याचे दोघं जण, तिघांचेही शर्ट पांढरे. मी उतरले तर चौथा. दत्ताचा हात पिशवीकडं निघाला होता तो तिथंच थांबला.

"माय, हे काय घातलंस?"

"शर्ट."

"कुणाचा?"

"सारिकाचा. सोमवारपासून ती घालणार हाय, पँटीवर. दवाखान्यात सगळ्या पोरी घालतात. बघ, कुठं काही दिसतंय का?" आणि मी त्याच्यापुढं भर फाट्यावर गोल फिरले.

त्याच्या संगतीतला भागवत हसायला लागला. "काकू, लई फॅशन!" मग त्याचं हसू बारीक झालं. "माझी माय बी असाच घालायची की. खांद्यावर ठिगळ होतं त्याला."

दत्तानं भागवतकडं रोखून बघितलं. त्याला सगळ्यांपुढं कुणी ऊसतोडीची आठवण काढलेली चालत नाही, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, गेलं आता, पोरगी घरीच बसली.

"थंडी हाय, माय. चल घरी," एवढंच म्हणाला. पिशव्या त्यानं उचलल्या, उघडल्या नाहीत. रात्री जेवायला बसलो. सारिका माझ्याकडं बघायची, मी भाकरीकडं.

रविवारी सकाळी उठले तर खुंटीवर तो शर्ट. धुतलेला, खळ दिलेला, इस्त्री केलेला, बाहीवर सुरीसारखी घडी, थेट दत्ताच्या शर्टासारखी. दत्ता अंगणात दात घासत होता, पाठ करून.

पँट मात्र त्यानं पिशवीतच ठेवली होती, चुरगळलेली. तिला त्यानं हात लावला नव्हता.

मग मी ती काढली, ओला हात फिरवला, घडीवर घडी घातली आणि माझ्या गादीखाली सरळ अंथरली. दिवसभर कंबर दुखते म्हणून त्यावरून उठले नाही. सोमवारी पहाटे काढली तर कडक. सारिका घालून बाहेर आली. दत्तानं शर्टाकडं बघितलं, मग खाली बघितलं.

"हिला इस्त्री कुणी केली?"

"मी," म्हटलं. "शर्ट तुझा, पँट माझी."

तो तिला फाट्यावर सोडायला गेला. गाडीवर ती मागं बसली होती, आणि तिच्या अंगावर ओढणी नव्हती. ती मी ठेवून घेतली आहे, जाड आहे, मला पांघरायला होते.

आता ती तिकडून फोनवर माझं ऐकून हे सगळं लिहून घेते. मधेच म्हणाली, "आजे, गादीचं नको लिहायला, लोक हसतील." मी म्हटलं, लिही.