कथील म्हणून दिलेलं शिसं

रेडिओच्या कारखान्यातल्या फोरमनने माझ्या धाकट्या बहिणीला, हिरूला, फसवलं. तिच्या हातात शिसं दिलं आणि कथील आहे म्हणून सांगितलं.

हे आम्हाला कळलं ते मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी हिरूचं तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "मिश्री लावता ना? चूळ भरा. हिरड्या नीट पुसा, मग बघते."

माझं डोकं फिरलं. पोटाच्या कळांनी बाई गडबडा लोळतेय आणि ही दात बघतेय! पण तंबाखूची काळी मिश्री निघाली तरी हिरड्यांच्या कडेला एक निळसर रेघ राहिली. कितीही पुसली तरी जाईना.

"काम काय करता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता.

हिरूने सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या, "लेड पॉयझनिंग." म्हणजे शिशाचं विष अंगात भिनणं; ती निळसर रेघ त्याचीच खूण.

आमचा जन्म पनवेलजवळच्या मिठागरावरचा. मी डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन सुरुवात केली आणि पनवेलच्या बाजारात स्वतःचं दुकान टाकलं. कोणाच्या बापाचं देणं लागत नाही. हिरू लवकर विधवा झाली, तेव्हा तिला मी दुकानात बसवलं. तिला ते जमलं नाही. "बाय, मला भाव करता येत नाय. कोण गोड बोललं की मी मूठभर जास्तीच घालते." खरंच घालायची. माझं नुकसान करून हसायची.

मग गावाबाहेर रेडिओ जोडायची शेड निघाली, तिथे ती लागली. तिचं काम सोल्डरिंगचं, म्हणजे मऊ तार वितळवून त्या धातूने जोड बसवायचा. पहिला सेट लागला त्या दिवशी धावतच घरी आली. "बाय, माझा रेडिओ बोलला! आधी खोकला, मग बोलला!" त्या खोकणाऱ्या निवेदकाची नक्कल ती पुढे कित्येक दिवस करत होती.

एका हातात सोल्डरिंगची तापलेली सळई, दुसऱ्यात सुटे भाग. मग तार कुठे धरायची? दातांत. गोधडी शिवताना दोरा तोडतो तशी सगळ्या बाया ती तार दातांनीच तोडत. हिरूने फोरमनला विचारलंही होतं, "सायेब, तोंडात धरली तर चालंल ना?"

"कथील आहे ते. तुमच्या भांड्यांना कल्हई करतात, तेच. त्या भांड्यात जेवता ना?"

मी वांगंसुद्धा दाबून बघितल्याशिवाय घेत नाही. पण कल्हईच्या टोपातला भात रोज खाणाऱ्याने याच्यावर काय शंका घ्यायची?

आधी तिच्या पोटात कळा यायला लागल्या. शौचाला होईना. तोंड पांढरंफटक पडलं. गावातल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. काळ्या हिरड्या त्यांनीही बघितल्या, पण मिश्रीवालीच्या हिरड्या काळ्याच असायच्या. कारखान्याचा डॉक्टर म्हणाला, "हिस्टेरिया आहे. नवरा नसलेल्या बायकांना होतो." म्हणजे दुखणं खोटं, मनातलं. त्याला मी त्याच्याच टेबलासमोर जे सुनावलं, ते इथे लिहिता येणार नाही.

मग एका सकाळी हिरूच्या हातून चहाचा कप पडला. उजवा हात मनगटातून लोंबत होता. याला रिस्ट ड्रॉप म्हणतात. शिसं नसांना धरतं आणि हात वर उचलायची ताकद जाते. त्याच दिवशी मी तिला एसटीत घातली आणि मुंबई गाठली.

रक्त तपासलं, लघवी तपासली. शिरेतून थेंब थेंब औषध दिलं. ते शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढतं, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. हाताला लाकडी पट्टी बांधली. "हात परत येईल?" मी विचारलं. "येईल असं वाटतं. वचन देत नाही." अशी सरळ बोलणारी माणसं मला आवडतात.

हिरू पट्टीकडे बघून म्हणायची, "बाय, ह्यो हात तुझ्यावर गेला नाय. लगेच वाकला."

असंच एकदा कारखान्यातली तिच्या बाकावरची सखू भेटायला आली. दोघी फोरमनच्या नकला करत बसल्या. सखू म्हणाली, "लय सोवळ्याचा बाबा! डबा उघडायच्या आधी कोपरापत्तर हात धुतो. साबण कपाटात, कुलपात!"

शेजारच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाई वळल्या. "तुम्हाला धुवायला सांगितलं होतं?"

"नाय बाई. आमी म्हटलं, त्यांच्यात असंल तसं."

हिरूचं हसू तिथेच थांबलं.

कारखान्याच्या मालकाने माणूस पाठवला, काहीतरी घ्या आणि मिटवा म्हणून. आयुष्यभर घासाघीस केली मी, पण याचा भाव केला नाही. त्याला दारातूनच परत पाठवला.

हिरूचा हात हळूहळू वर आला. स्वतःची वेणी स्वतः घातली, तेव्हा मी त्या डॉक्टरीणबाईंच्या पाया पडले. वयाने त्या माझ्या मुलीसारख्या. पण तापलेली सळई पुन्हा त्या हातात पेलली नाही. मूत्रपिंडं कमजोर झाली होती, त्यातच काही वर्षांनी ती गेली. शेवटपर्यंत शेजारपाजारचे बंद पडलेले रेडिओ आमच्या ओटीवर यायचे. ती बोटाने दाखवायची, सखू जोडायची, आणि दोघी तार चिमट्यात धरायच्या.

तुमच्या घरात कोणाला असं दुखणं आलं तर डॉक्टरला काम काय करता ते आपणहून सांगा. मिश्री पुसून मगच तोंड दाखवा. आणि दुखणं खोटं आहे म्हणणाऱ्याकडे परत जाऊ नका.

फोरमनसाहेब, तुम्ही अजून आहात, हे मला ठाऊक आहे. हिरूला म्हणालात ते कथील आहे. मग जेवायच्या आधी तुम्ही हातावरून काय धूत होता? सखू आहे, त्या शेडमधल्या बाकीच्या बाया आहेत. त्यांच्यासमोर येऊन सांगा.